शंभर टक्के निकालाच्या यादीत एक रकाना वाढवावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंदा दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आपल्या उपनगर पुरवणीत शंभर टक्के निकाल लागलेल्या शाळांची यादी नेहमीप्रमाणे छापून आली. शाळेचे नाव, परीक्षेला बसलेले विद्यार्थी, उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आणि शेकडा निकाल असे चार रकाने त्या यादीत आहेत. मी पूर्व उपनगरातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांतून फोन आले की हे चारही आकडे सांगण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडेच होते. त्या अनुभवाच्या आधारे आपल्याला एक विनंती करावयाची आहे. पुढच्या वर्षीपासून या यादीत पाचवा रकाना घालावा, आणि दहावीची ही तुकडी दोन वर्षांपूर्वी आठवीत होती तेव्हा ३० सप्टेंबरच्या पटावर किती मुले होती, तो आकडा त्यात छापावा.

मागणी क्षुल्लक वाटेल, पण सगळा घोळ त्या एका आकड्यात आहे. शेकडेवारीत अंशाकडे सगळे पाहतात, छेद कोणता घेतला हे कोणी विचारत नाही. समजा, एका शाळेत आठवीला ८० मुले होती. त्यांतली १४ मुले दहावीपर्यंत कुठेतरी गळाली, राहिलेली ६६ मुले परीक्षेला बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल शंभर टक्के, दारावर फलक, आपल्या यादीत नाव. शेजारच्या शाळेतही आठवीला ८० मुले होती, पण त्या शाळेने दोनच मुले गमावली, ७८ परीक्षेला बसवली आणि त्यांतली ७० उत्तीर्ण झाली. तिचा निकाल ८९.७४ टक्के लागतो आणि ती यादीत येत नाही. छेद म्हणून दोन्हीकडे आठवीचा पट धरला, तर पहिली शाळा ८२.५ टक्क्यांवर येते आणि दुसरी ८७.५ टक्क्यांवर. म्हणजे ८० मुलांमागे चार मुले जास्त पार करणारी शाळा वाचकांना कच्ची दिसते आणि १४ मुले वाटेत सोडणारी शाळा आदर्श ठरते. उदाहरण मी सोयीसाठी घेतले आहे, पण हा हिशेब माहीत नसलेला लिपिक मला उपनगरात तरी भेटलेला नाही.

ही मुले गळतात ती बहुतेक नववीत, आणि त्याला कारणे आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंतच आहे. त्या कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली हे खरे, पण माझ्या नोकरीतली बरीच वर्षे मूल पहिल्यांदा नापास होई ते नववीतच. खासगी शाळेत पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर फुकट शिकलेल्या मुलाकडे फी मागितली जाते तीही नववीत, आणि अशी काही मुले मग आमच्यासारख्या अनुदानित शाळांच्या दारात येतात. महापालिकेच्या अनेक प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात, त्यांचीही मुले आमच्याकडेच येतात. आपल्या पुरवणीच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण शालेय पोषण आहारसुद्धा आठवीलाच संपतो.

जून महिन्यातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बचत गटाच्या टेम्पोतून खिचडीचे डबे उतरले होते आणि तळमजल्यावर आठवीपर्यंतच्या मुलांची रांग लागली होती. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल. रांगेत एक मुलगा घरून आणलेली स्टीलची ताटली घेऊन उभा होता. वाढपावर देखरेख करणाऱ्या सरांनी त्याला ओळखले आणि म्हणाले, "अरे, तू नववीत गेलास ना?" मुलगा हसला, ताटली पाठीमागे लपवली आणि जिना चढून वर गेला. सर काही वाईट बोलले नव्हते, नियमच तसा होता, आणि त्यांच्या हातातल्या यादीवर दुसऱ्या दिवशी सही करणारा मीच होतो. चौदा वर्षांच्या मुलाची भूक तेराव्या वर्षापेक्षा कमी असते असे ज्यांनी कोणी ठरवले असेल, त्यांच्या घरात वाढती मुले नसावीत.

वरच्या मजल्यावर काय चालते ते वर्गात न शिकवताही मला निकालपत्रकांवरून कळत असे. नववीच्या गणिताचे पुस्तक संच, वास्तव संख्या, बहुपदी अशा प्रकरणांनी सुरू होते. समोर बसलेल्यांपैकी काहींना तीन अंकी संख्येचा भागाकार येत नसतो, आणि तो कोणत्या इयत्तेत राहून गेला हे शोधण्याइतका वेळ साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोणालाच नसतो. पहिल्या घटक चाचणीत एक आकडी गुण, प्रथम सत्रात त्याहून थोडे बरे, आणि दिवाळीची सुट्टी संपली की वर्गशिक्षकांकडून कच्च्या मुलांची यादी मागवली जाते. यादीचा हेतू त्या मुलांचे जादा तास घेण्याचा असतो आणि डिसेंबरपर्यंत ते होतातही. फेब्रुवारीपासून त्याच यादीचा उपयोग बदलतो.

आपल्या अनेक वाचकांना सतरा नंबरचा फॉर्म माहीत असेल. शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसू इच्छिणाऱ्यांसाठी मंडळाने ठेवलेला तो अर्ज आहे. नोकरी करणारी माणसे, लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बायका, आजारपणात वर्षे गेलेले विद्यार्थी यांच्या दृष्टीने ती फार मोलाची सोय आहे, आणि ती बंद करा असे माझे अजिबात म्हणणे नाही. प्रश्न असा आहे की, रोज शाळेत येणाऱ्या मुलाला हा रस्ता कोण दाखवतो आणि का दाखवतो. मुलगा नववीत नापास झाला की पालकांना बोलावणे जाते. त्यांना सांगितले जाते की, याला पुन्हा नववीत बसवले तर वर्ष वाया जाईल, आणि कसाबसा दहावीत ढकलला तरी तिथे तो अडकेल. त्यापेक्षा दाखला काढा, सतरा नंबर भरा, वर्ष वाचेल. आईबापांना वर्ष वाचते एवढेच ऐकू येते. त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, आणि दाखला दिला की मूल शाळेच्या पटावरून उतरते. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा धरते, त्यामुळे ते मूल उत्तीर्ण होवो की न होवो, शाळेच्या शेकडेवारीला त्याचा धक्का लागत नाही.

दाखल्याच्या छापील नमुन्यात प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. प्रगतीपुढे आम्ही 'बरी' लिहीत असू आणि वर्तणुकीपुढे 'चांगली'. कारणापुढे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहायचे ठरून गेले होते. एका एप्रिलमध्ये खिडकीशी आलेली एक बाई मला आठवते. घरकामे आटोपून आली असावी, पदर अजून खोचलेला होता. मी अर्ज पुढे केला, तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, विनंती मीच केलीय असं लिहायचं का?" मी हो म्हणालो. तिने एकेक अक्षर जोडून सही केली. आडनावातली वेलांटी राहिली होती, ती मी बोट ठेवून दाखवली, तीही तिने काढली. मुलगा तोवर बाकावर बसून भिंतीवरचे शिष्यवृत्तीधारकांचे फलक वाचत होता. त्या दाखल्यावरचे अक्षर माझे आहे. असे किती दाखले मी लिहिले ते मी मोजलेले नाही, आणि 'वरून सांगितले म्हणून लिहिले' हे उत्तर मी स्वतःला देऊन पाहिले आहे, पण ते पुरत नाही.

आणखी एका मुलाविषयी लिहिले पाहिजे. २०१५ पासून विद्यार्थ्यांची सगळी माहिती 'सरल' प्रणालीत भरायचे काम आले. दिवसा सर्व्हर चालत नसे, संध्याकाळी थोडा चाले, रात्री बरा चाले. कार्यालयात दोन माणसे, एक संगणक आणि पटावर शेकडो मुले. आईचे नाव, आधार क्रमांक, जन्मतारीख, रक्तगट, शाळेपासून घराचे अंतर असे प्रत्येकाचे भरायचे. नववीतला एक मुलगा सुटीनंतर मदतीला बसू लागला. विद्यार्थ्याला कामाला लावणे नियमात बसत नव्हते हे मला तेव्हाही ठाऊक होते, पण त्याच्या बोटांना जो वेग होता तो माझ्या बोटांना कधीच आला नाही. शिवाय तो नुसता भरत नसे, चुका पकडत असे. एकाच आईच्या नावावर दोन मुलांच्या जन्मतारखांत चार महिन्यांचे अंतर पडले आहे, तेव्हा एक तारीख चुकलेली असणार, हे त्याने मला दाखवून दिले. हा मुलगा इंग्रजी आणि बीजगणितात नापास होता. ज्या तुकडीची माहिती त्याने स्वतः भरली होती, त्याच तुकडीतून पुढच्या जूनमध्ये त्याचे नाव कमी झाले. परीक्षेने त्याच्यातले जे मोजले ते चूक नव्हते, त्याला खरेच इंग्रजी येत नव्हते. पण शाळेला त्याच्यातले दुसरेही काही माहीत झाले होते, आणि ते कोणत्याही निकालपत्रकात लिहिण्याची सोय नव्हती.

शाळेतल्या दिवसांविषयी बोलताना आपण स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव आणि सहल यांविषयीच बोलतो. उपनगरातल्या अनुदानित शाळेत नववी-दहावीचा दिवस सकाळी सातला सुरू होतो, कारण त्याच वर्गखोल्यांत दुपारी लहान मुलांचे अधिवेशन भरते. डोंगरावरच्या वस्तीतून येणारी मुलगी पाण्याच्या वेळा सांभाळून, धाकट्याला तयार करून, तासभर आधी घरातून निघालेली असते. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने बंद पडले आणि त्या जागी मॉल व टॉवर आले, तसे तिच्या वडिलांचे हातही कायमच्या कामावरून रोजंदारीवर आले. लग्नसराईत मुलगे केटरिंगला जातात, रात्री दीड-दोनला परततात आणि पहिल्या तासाला बाकावर डोके टेकतात. श्रावणात गोविंदा पथकांचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. वर्गात एका शब्दाने न बोलणारा मुलगा तिथे खालच्या थरात उभा राहून वरच्या सहा थरांचा भार खांद्यावर पेलतो, आणि हे त्याच्या शिक्षकांनाही ठाऊक असते, कारण सराव शाळेच्याच मैदानावर होतो.

या सगळ्यात शाळेने त्यांना धरून ठेवायचे म्हटले तर दोर कोणते असतात? खेळाचा तास, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, स्काउट-गाईड, वाहतूक सुरक्षा पथक, गॅदरिंगचे नाटक. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शाळेत यावेसे वाटण्याचे हेच कारण असते. आणि निकालाची टांगती तलवार दिसू लागली की पहिली कुऱ्हाड याच गोष्टींवर पडते. पीटीचा तास गणिताला जातो, दहावीच्या मुलांना नाटकात घ्यायचे नाही असा नियम होतो, प्रयोगशाळेचे कुलूप तोंडी परीक्षेच्या आधी उघडते आणि प्रयोगवही मुले एकमेकांची पाहून पुरी करतात. त्यांतच कला आणि क्रीडा शिक्षकांच्या जागा रिकाम्या झाल्या की भरल्या जात नाहीत. आमच्या शाळेत चित्रकलेचे सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खोलीत जुनी बाके रचण्यात आली. बाके काढून खोली पुन्हा मोकळी झालेली मी पाहिली नाही.

निकालाच्या टक्क्यांवर आपला किती भरवसा असावा, हे गेल्या काही वर्षांच्या आकड्यांवरूनही पाहण्यासारखे आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व समाजशास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेण्यात आले, अभ्यासक्रमही बदललेला होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. महाराष्ट्रातली मुले एका वर्षात बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला.

माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष त्यानंतरचे, म्हणजे २०२२ चे आहे. त्या वर्षी दहावीला बसलेल्या मुलांची नववीची परीक्षा झालीच नव्हती. शाळा बंद असल्याने सरकारने एप्रिल २०२१ मध्ये नववीच्या मुलांना सरसकट वरच्या वर्गात घातले होते. म्हणजे नववीची चाळणी न लागता दहावीला पोहोचलेली ती तुकडी होती. तिचा निकाल ९६.९४ टक्के लागला. अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केलेला होता, परीक्षा ज्या त्या शाळेतच झाली होती आणि वेळही वाढवून दिलेला होता, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष कोणी काढू नये, मीही काढत नाही. पण नववीत अडवली नाहीत तर ही मुले दहावीचा निकाल बुडवतील, अशी जी धास्ती आम्ही वर्षानुवर्षे पालकांना घालत होतो, ती त्या वर्षी तरी खरी ठरली नाही. यंदाचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के आहे. त्यात नववीतून बाहेर गेलेली मुले धरलेली नाहीत.

मुख्याध्यापकांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. माझ्या काळात चार मुख्याध्यापक झाले आणि चौघेही मुलांचे वाईट चिंतणारे नव्हते. निकाल घसरला की शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयातून कारणे मागणारे पत्र येते, संस्थेचे पदाधिकारी सभेत विचारतात, आणि सर्वांत मोठी धास्ती संचमान्यतेची असते. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. पट घसरला की पद जाते आणि एखादे शिक्षक अतिरिक्त ठरतात. आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळा असताना पाचवीत मूल घालायला आलेला मराठी पालक सर्वांत आधी विचारतो तो दहावीचा निकाल. म्हणजे पाचवीत मुले यावीत म्हणून नववीतून मुले जाऊ द्यायची, असा हा व्यवहार आहे. त्यातही गंमत अशी की, नववीतली मुले गेल्यानेही पट घसरतोच, म्हणून सप्टेंबर उलटेपर्यंत कोणालाही दाखला द्यायचा नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये द्यायचा, हे तारखांचे गणित लिपिकाला तोंडपाठ असते. त्याखेरीज शिक्षक वर्गात किती असतात हेही पाहावे. २०२४ मध्ये मुंबईत लोकसभेचे मतदान २० मे रोजी आणि विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी झाले. दोन्ही वेळी मतदार याद्यांपासून प्रशिक्षणापर्यंतच्या कामाला आमच्याच शाळेतली माणसे गेली होती, आणि मागे उरलेल्यांनी दोन-दोन तुकड्या एकत्र बसवल्या होत्या.

आमच्याच शाळेत एकदा एका मुख्याध्यापिका बाईंनी ठरवले की, नववीतून एकाही मुलाला सतरा नंबरकडे पाठवायचे नाही. कच्च्या मुलांसाठी त्यांनी सकाळी साडेसहाचा तास सुरू केला, त्यात नववीचे पुस्तक बाजूला ठेवून पाचवीचे अपूर्णांक घेतले आणि तास संपल्यावर स्वतःच्या खिशातून चहा-बिस्किटे दिली. त्या तुकडीतली बरीच मुले दहावी पार झाली, काही नाही झाली. निकाल आदल्या वर्षीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी उतरला. दारावर फलक लागला नाही, आपल्या यादीत नाव आले नाही, आणि पालकसभेत एका गृहस्थांनी उठून विचारले की, शाळेचा दर्जा का घसरतो आहे. बाई उत्तर द्यायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्ये बोलून खाली बसल्या. त्यांच्याजवळ सांगण्यासारखा आकडा होता, पण तो मांडायला कुठे रकानाच नव्हता. त्यानंतर सकाळचा तास दोन वर्षे चालला आणि बाईंच्या निवृत्तीनंतर बंद पडला.

माझ्या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. मुले खरोखरच गाव बदलतात, वडिलांची बदली होते, झोपडपट्टी पुनर्वसनात घर लांब जाते, आणि अशा मुलांचा दोष शाळेच्या माथी येईल. हे बरोबर आहे, म्हणूनच मी कोणाला शिक्षा करा असे म्हणत नाही. आठवीचा पट आणि दहावीला बसलेली मुले हे दोन आकडे शेजारी छापले, तर वाचक आपल्या अकलेने पाहील. ८० चे ७६ झाले तर कोणी भुवया उंचावणार नाही. ८० चे ६० झाले तर मुख्याध्यापकांना विचारायला पालक जातील आणि त्यांच्याजवळ खरे कारण असेल तर ते सांगतील. नवीन मुले बाहेरून येऊन आकडा फुगतो, हा दुसरा आक्षेप. त्यालाही उपाय आहे, पण पहिल्याच वर्षी सगळे बारकावे मागितले तर काहीच छापून येणार नाही, हा कार्यालयीन अनुभव आहे.

माहिती मिळणार नाही, असे मात्र कोणी सांगितले तर कृपया मान्य करू नये. 'यू-डायस प्लस' या केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या प्रणालीवर आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद असते. शाळा सोडलेले मूल तिथे 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जाते आणि दुसऱ्या शाळेने त्याला आपल्याकडे ओढून घेईपर्यंत तिथेच पडून राहते. कोणत्या इयत्तेतून किती मुले त्या पेटीत गेली आणि किती बाहेर निघालीच नाहीत, हे शाळेच्या लॉगिनवर दिसते. ज्या व्यवस्थेला प्रत्येक मुलाचा रक्तगट ठाऊक आहे, तिला आठवीचा पट सांगणे जड जाऊ नये. शिक्षण विभागाने तो स्वतःहून निकालाबरोबर जाहीर केला तर उत्तमच, पण विभागाची वाट पाहण्याचे आपल्या दैनिकाला कारण नाही. यादी छापणे हा आपला निर्णय होता, तेव्हा तिच्यात रकाने किती असावेत हाही आपलाच आहे.

पत्र लांबले आहे, वाचकपत्रांच्या सदरात मावणार नाही याची कल्पना आहे. आपण ते कापून छापलेत तरी हरकत नाही, पाचव्या रकान्याची ओळ तेवढी ठेवावी. माझ्याबरोबर काम केलेली माणसे अजून नोकरीत आहेत, त्यामुळे माझे व शाळेचे नाव प्रसिद्ध करू नये.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. पुढच्या मे महिन्यात आपल्या प्रतिनिधीने शाळांना फोन केले, तर हा आकडा मुख्याध्यापकांना विचारू नये, कारण त्या दिवशी ते पेढे वाटण्यात आणि पाहुण्यांत गुंतलेले असतात. फोन कार्यालयात द्यायला सांगावे आणि 'दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा सप्टेंबरअखेरचा पट' असे नेमक्या शब्दांत विचारावे. संचमान्यतेच्या फाइलीत तो पहिल्याच पानावर असतो, आणि ती फाइल लिपिकाला हात लांब केला की मिळते.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक
पूर्व उपनगर, मुंबई